आमची वाटचाल : रोपं मोजणारे पुष्कळ, पानं मोजणारे आम्ही

गोव्यात डिचोलीत आम्ही रोपवाटिका काढली ती खाणींच्या डंपांसाठी, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-मुरुमाच्या ढिगांसाठी. ऑर्डर एकाच झाडाची यायची, ऑस्ट्रेलियन बाभळीची. झाडाला नावं ठेवायची नाहीत. डंपच्या मुरुमात नत्राचा ठणठणाट असतो, तिथे हे झाड मुळांवरच्या गाठींच्या जोरावर तीन-चार पावसाळ्यांत उतार हिरवा करतं. बिलं निघतात, फोटो होतात. भानगड त्यानंतरची.

तिचं पान म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ. चिवट, लिग्निन (लाकडाला टणक करणारा घटक) भरपूर, लवकर कुजत नाही. खाली पाचोळ्याची गादी साचते आणि अन्नद्रव्यं त्या गादीतच अडकून पडतात. त्यात लाल मातीतलं लोह स्फुरद धरून ठेवतं, आणि पान गाळण्याआधी झाडही आपला स्फुरद बराचसा मागे ओढून घेतं. म्हणजे वरून पडतो तो पाचोळा नत्राला बरा, स्फुरदाला कंगाल. किंदळीसारख्या इथल्या रानझाडाचं बी या गादीवर पडलं तर त्याचं मूळ मातीपर्यंत पोचत नाही.

हे दाखवायचं तर मोजायला हवं, म्हणून आम्ही पाचोळा झेलायच्या जाळ्या बांधल्या. एक मीटर बाय एक मीटर चौकट, नायलॉनची बारीक जाळी मधे झोळीसारखी सैल, जमिनीपासून गुडघाभर उंच. एरवी महिन्यातून एकदा रिकामी केली तर चालते, पावसाळ्यात दर पंधरवड्याला. नाहीतर पान जाळीतच कुजतं आणि आकडा कमी येतो. वजन करायचं ते 65 अंशांवर वाळवून, दोन वजनं सारखी येईपर्यंत.

कुजण्याचा वेग बघायला पिशव्या : 20 बाय 20 सेंटीमीटर, 2 मिलिमीटर जाळी, आत 10 ग्रॅम वाळकी पानं. त्या डंपवर ठेवायच्या आणि काही काळाने आणून पुन्हा वजन करायचं, घट होईल तेवढं पान कुजलं. पहिल्याच खेपेला काही पिशव्या ठेवल्या त्याहून जड परत आल्या! डंपची लाल माती आत शिरून पानांना लेपासारखी बसली होती. तेव्हापासून प्रत्येक पिशवीतला चिमूटभर नमुना भट्टीत 550 अंशांवर जाळून राख काढतो आणि तिच्यावरून मातीचं वजन काढून वजा करतो. ही वजाबाकी नसलेला अहवाल कुणी दिला तर परत करा. शिवाय 2 मिलिमीटरच्या जाळीतून गांडूळ जात नाही, म्हणून काही पिशव्या मोठ्या भोकांच्या ठेवाव्यात.

सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. ऑर्डर गेल्या, रोपं पिशव्यांतच वाढली आणि मुळं गुंडाळत बसली. अशी रोपं फुकट दिली तरी घेऊ नयेत. लागवडीनंतर मुळांचा फास झाडालाच बसतो. आम्ही ती फेकली, कर्ज मात्र राहिलं. थोडं सावरतोय तोवर 16 मार्च 2018 ला खाणींना पुन्हा कुलूप. दोन्ही वेळा एका खाणीवरचे बागायत पर्यवेक्षक जाळ्या रिकाम्या करत राहिले, पिशव्या स्कूटरला अडकवून आणून द्यायचे. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही.

खरी सल वेगळी. आमच्याच तालुक्यातला एक पुरवठादार आमच्याहून कमी दराने निव्वळ बाभूळ लावून कामं घेत गेला, कारण निविदेत विचारतात तेवढंच, जगलेली रोपं किती टक्के. दहा वर्षांनी खाली माती काळी झाली की नुसती गादी, हा रकानाच नाही. त्याच्या एका डंपवर एप्रिलमध्ये वणवा लागला तेव्हा विझवायला फोन आम्हाला!

ज्यांच्याकडे अशी बाभूळ उभी आहे त्यांनी सहाव्या-सातव्या वर्षी एकाआड एक ओळ काढावी. बुडखा अगदी खाली कापला तर फारसा फुटत नाही. मोकळ्या ओळीत करंज, जांभूळ, किंदळ, घोटिंग लावा, कडेने गिरीपुष्पाच्या फांद्या खोचा. गिरीपुष्पाचं पान पावसात काही आठवड्यांत विरघळतं आणि चिवट पाचोळ्यावर बसलेल्या बुरशी-जिवाणूंना हवं ते नत्र पुरवतं; नाहीतर ते मातीतलं ओढतात. खड्ड्यात शेणखत आणि जुन्या जंगलातली ओंजळभर माती घाला, मुळांना साथ देणाऱ्या बुरशीची बीजं तिथून येतात. पाचोळा झाडून नेऊ नका. फक्त जाळरेषेचा, म्हणजे वणवा अडवायला मोकळा ठेवलेला, तीन मीटर पट्टा जानेवारीतच साफ हवा.

आणि पाचोळ्याच्या पिशवीत ओळखीसाठी कागदाची चिठ्ठी घालू नका, ॲल्युमिनियमची पट्टी घाला. वाळवी पानाच्या आधी चिठ्ठी खाते.