ऑपरेशन बिघडलं तर आधी कागद
बीड असो की हिंगोली, ऑपरेशन बिघडलं की नातेवाईक आधी भांडायला जातात. आधी केसपेपर मागा! लेखी अर्ज, त्यावर पोच. नियमानं ७२ तासांत मिळायला हवेत. नंतर नोंदींत खाडाखोड झाली तर सिद्ध करणं अवघड.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रारीची मुदत २ वर्षं. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं, मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. प्रकरण अडतं ते तज्ज्ञाच्या मतावर. ते परजिल्ह्यातून आणा, गावातला डॉक्टर गावातल्याविरुद्ध सहसा लिहीत नाही.

वकिलानंच घोळ घातला तर? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानं ग्राहक आयोगाचं दार बंद; बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार किंवा दिवाणी दावा.