इतके चांगले होते, तर गाजले का नाहीत?

'द डीबीज' या अमेरिकी बँडचं एखादं गाणं कुणाला ऐकवलं की मान डोलते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "इतके चांगले होते, तर गाजले का नाहीत?" तोवर पुढचं गाणं सुरू झालेलं असतं, म्हणून माझं उत्तर नेहमी अर्धवट राहतं. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पीटर होल्सॅपल, ख्रिस स्टेमी, जीन होल्डर आणि विल रिग्बी हे चौघे अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलमचे. नॉर्थ कॅरोलिनामधलं हे तंबाखूचं शहर. बँड जमला न्यूयॉर्कमध्ये, १९७८ साली. 'स्टँड्स फॉर डेसिबल्स' आणि 'रिपरकशन' हे त्यांचे पहिले दोन्ही अल्बम १९८१चे, पण ते काढले इंग्लंडच्या 'अल्बियन' कंपनीने. अमेरिकेत ते काढायला कुणीही पुढे आलं नाही. आपल्याच देशात यांच्या तबकड्या परदेशी माल म्हणून दुकानात यायच्या, त्याही मोजक्या. मग गाजणार कसे? नंतर स्टेमी बाहेर पडला, आणि १९८४चा तिसरा अल्बम अमेरिकेत निघाला खरा, पण वितरणाच्या घोळात अडकला.

मी त्यांच्यापर्यंत उलट्या वाटेने पोचले. कॉलेजात असताना माझ्याकडे आर.ई.एम. या अमेरिकी रॉक बँडच्या 'आउट ऑफ टाइम'ची कॅसेट होती. तिच्या घडीच्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं मी गाणी ऐकता ऐकता वाचत बसायचे. होल्सॅपल हे नाव मी तिथे पहिल्यांदा वाचलं. त्या अल्बममध्ये तो साथीला होता. निर्माता म्हणून स्कॉट लिटचंही नाव होतं. कितीतरी वर्षांनी 'रिपरकशन' हाती लागला तर निर्माता तोच लिट, आणि निम्मी गाणी त्याच होल्सॅपलची! त्या रात्री मी तो अल्बम सलग तीनदा ऐकला.

या प्रकाराला पॉवर पॉप म्हणतात. चाली बीटल्सच्या घराण्यातल्या, पण गिटार आणि ड्रम्सचा जोर जास्त. 'लिव्हिंग अ लाय'मध्ये तर ब्रासचा, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचा, ताफाही आहे. पण मला धरून ठेवलं ते 'अॅम्प्लिफायर'ने. पाय आपोआप ठेका धरतील अशी चाल. शब्दांकडे लक्ष गेलं की अंगावर काटा येतो: बाई घरातलं सगळं घेऊन निघून गेली आहे, मागे फक्त अॅम्प्लिफायर उरला आहे, आणि गाण्यातल्या डॅनीने जीव दिला आहे. इतकं दुःख इतक्या उड्या मारत सांगणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

तरीही माझं मन पहिल्या अल्बमकडेच जास्त ओढतं. होल्सॅपल सरळ चालीचा माणूस, पहिल्या कडव्यातच आपलंसं करणारा. स्टेमीला आडवाटा आवडतात. 'सायकल्स पर सेकंद' ऐकताना पुढचं पाऊल कुठे पडेल याचा अंदाजच येत नाही. मग तोच स्टेमी 'शीज नॉट वरीड' इतक्या हळुवारपणे गातो. दोघांची गाणी एकमेकांना टोकत राहतात, आणि त्यामुळे अल्बम कुठे सपाट होत नाही. दुसऱ्या अल्बमचा आवाज जास्त घोटीव आहे, पण ही खेचाखेच मला पहिल्यातच जास्त जाणवते.

२०२४ मध्ये 'स्टँड्स फॉर डेसिबल्स' अमेरिकेत पहिल्यांदा तबकडीवर निघाला, तब्बल ४३ वर्षांनी. ही बातमी वाचून मला घरातल्या कुणाचं तरी अडलेलं काम मार्गी लागावं तसा आनंद झाला.

तुम्ही 'ब्लॅक अँड व्हाइट'पासून सुरुवात करा, अल्बमचं पहिलंच गाणं आहे. एकदा सगळं मिळून ऐका. दुसऱ्यांदा गिटार सोडून द्या आणि फक्त रिग्बीचे ड्रम्स ऐका.