पॅकेज सहा लाखाचं, हातात किती

रविवार, रात्र. उद्या सकाळी लॉगिन आहे, झोपायला पाहिजे खरं, पण दुपारपासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहून टाकते.

चुलतभावाला पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आलीये. सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर वर्षाला पडणारा सगळा खर्च, 6 लाख. घरात सगळ्यांनी 12 नं भागून महिन्याचे 50 हजार काढले आणि काकू तर शेजारी सांगून पण आली. मला जिवावर आलं होतं पण कोणीतरी सांगायला पाहिजेच ना, मग त्याच्या फोनवर पीडीएफ उघडली आणि वहीत मांडलं. व्हेरिएबल 60 हजार, ते वर्षाच्या शेवटी, मिळालं तर. बेसिक 25 हजार, त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ म्हणजे महिन्याला 3 हजार, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळायची रक्कम, बेसिकच्या 4.81 टक्के, ती पण त्यातच. इन्शुरन्सचे वर्षाचे 12 हजार, ते पण. आता उरलेल्याला 12 नं भागा आणि त्यातून ह्याच्या वाटचा पीएफ 3 हजार आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 काढा. साडेछत्तीस हजार. पोरगं वहीकडं बघतच बसलं. म्हणतंय, "अक्का, मग बाकीचे गेले कुठं?"

पीएफचं ठीकय, तो आपलाच आहे, व्याज पण बरं मिळतं. माझा राग ग्रॅच्युइटीवर आहे. कायम नोकरीत 5 वर्षं सलग झाल्याशिवाय ती हातात येत नाही, आणि आजकालची पोरं दोन-तीन वर्षांत हाईकसाठी उडी मारतात, म्हणजे दरवर्षी पॅकेजमध्ये दाखवायची आणि पोरगं गेलं की कंपनीनं ठेवून घ्यायची. दाखवायची कशाला मग.

तरी त्याला नको जाऊ म्हणाले नाही. कारण मी दोन्हीकडं काम केलंय. आधी इथंच सोलापुरात, एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघत होते. शेठ माणूस वाईट नव्हता. बहिणीच्या लग्नाच्या वेळी मी ॲडव्हान्सचं नुसतं तोंडातून काढलं तर ड्रॉवर उघडून तिथल्या तिथं पैसे मोजून दिले, कागद नाही की सही नाही. पण तोच शेठ सुट्टी मागितली की असा चेहरा करायचा जसं काय मी त्याची किडनी मागतेय. पगार 7 ला नाहीतर 12 ला, पार्टीचं पेमेंट आलं की. पीएफ नाही. 20 माणसं झाली की पीएफचा कायदा लागतो, आणि आपल्याकडचे कारखाने बरोब्बर एकोणीसवर कसे काय थांबतात देव जाणे.

आता मोठ्या कंपनीत सुट्टी म्हणजे ॲपवर दोन क्लिक. कोणाचा मूड बघायचा नाही, केबिनच्या बाहेर ताटकळत उभं राहायचं नाही. बायकांना तर ह्याची किंमत जास्त कळते, दर वेळी "घरी काय आहे" हे चारचौघांत सांगावं लागत नाही. पगार महिनाअखेरीला, आणि होम लोनला गेलं की बँकवाला फॉर्म 16, म्हणजे कंपनीनं दिलेला पगार-टॅक्सचा कागद, बघून खुर्ची देतो. आमच्या काकाचे, म्हणजे ह्याच्या वडिलांचे, लूम आहेत, उत्पन्न माझ्यापेक्षा जास्त असेल, पण लोनच्या वेळी त्याच्याकडं चोर असल्यासारखं बघतात.

आणि पप्पांचं. त्यांना स्टेंट टाकायला लागला तेव्हा ॲडमिट करताना मी फक्त कंपनीचं कार्ड दिलं. शुगर-बीपी जुनं आहे, स्वतः पॉलिसी काढली असती तर जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत वेटिंग लावतात, आमच्या ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर होतं. काउंटरवर शेजारी एक माणूस फोनवर कोणाकडं तरी पैसे मागत होता, एका फोननंतर दुसरा फोन, आवाज बारीक करत. त्या दिवशी मी कंपनीला मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. (नंतर परत दिल्या, ते वेगळं.) फक्त भावाला हे पण सांगितलं की नोकरी सोडली की लास्ट वर्किंग डेला हे कव्हर खलास, आई-बापाचं वय वाढत चाललेलं असताना हाच पट्टा गळ्याला सगळ्यात घट्ट बसतो.

शिव्या कशाला, तर माझा लॅपटॉपचा चार्जर गेला होता. सिस्टिमवर मागणीचं तिकीट टाकलं. मॅनेजरचं अप्रूव्हल झालं, मग कॉस्ट सेंटरचं (खर्च ज्या खात्यावर पडतो ते), मग कळलं कॉस्ट सेंटर बदललंय म्हणून तिकीट आपोआप बंद. परत टाकलं. तोपर्यंत मी नवी पेठेतून स्वतःच्या पैशानं चार्जर आणून काम करत होते. शेठ असता तर ओरडला असता आणि संध्याकाळपर्यंत आणून दिला असता. इथं ओरडायला पण कोणी नाही, सगळे गोड बोलतात आणि "प्रोसेस आहे" म्हणतात. रेटिंगचं तेच. सगळ्या टीमनं जीव तोडून काम केलं तरी बेल कर्व्हमध्ये, म्हणजे चांगली-वाईट रेटिंग ठरलेल्या प्रमाणातच वाटायची म्हणून, कोणालातरी खाली ढकलायलाच लागतं, आणि मॅनेजरला विचारलं तर तो म्हणतो वरून आलंय, वरच्याला विचारलं तर त्याच्या वरून. शेठशी भांडता तरी यायचं. इथं भांडायचं कोणाशी?

गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेची, गंमत तर दरवर्षीची. देवाच्या लग्नाच्या, अक्षतेच्या दिवशी इथं अर्धं गाव पांढरी बाराबंदी घालून रस्त्यावर, कारखान्याला आपोआप सुट्टी, कोणी विचारत पण नाही. आमच्या हॉलिडे लिस्टमध्ये तो दिवस नसतो, आणि गुडगावच्या मॅडमला सिद्धेश्वर, नंदीध्वज, काठ्या हे सगळं कॉलवर समजावून सांगायचं म्हणजे अर्धी सुट्टी त्यातच जाते. एकदा तर घरूनच काम चालू होतं, कानात हेडफोन आणि बाहेर अक्षतेचं "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम", म्यूट काढायची सोय नाही.

काकूचं एकच, मोठी कंपनी म्हणजे सेफ. हे सोलापुरात राहून कसं काय बोलवतं कळत नाही. आमचे आजोबा मिलमध्ये होते, त्या काळी मिलमधला जावई म्हणजे सरकारी जावयासारखा. भोंग्यावर गावाची घड्याळं चालायची म्हणे. आणि मग एकेक करत त्या मोठ्या मिल बंद पडल्या, देणी वर्षानुवर्षं कोर्टात, माणसं पॉवरलूमवर रोजंदारीला गेली. आता तर बंद पण पडायला लागत नाही, सगळं नीट चालू असताना एका मेलवर माणसं कमी करतात आणि दुपारी लॅपटॉप लॉक. म्हणून भावाला म्हटलं, पगार घे, इन्शुरन्स घे, काम शिक, पण ईएमआय लगेच मानेवर घेऊ नको. आणि नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, हे त्यानं वाचलंच नव्हतं. दुसरी कंपनी 30 दिवसांत ये म्हणाली की मग बसा हात चोळत.

एवढा वेळ काका कोपऱ्यात गप्प बसले होते. मला वाटत होतं ते म्हणतील लूम कोण बघणार, पोरगं एकुलतं एक आहे. तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "जाऊ दे की त्याला. मी तरी कुठं कुणाला पीएफ देतो."