बोहारणीच्या आधी आम्ही: आमची वाटचाल

आमचा धंदा काय असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर आहे, जुन्या साड्या उसवून त्यांचे घालता येतील असे कपडे शिवतो. कुर्ते, जॅकेट, लहान मुलींचे परकर-पोलके, स्टोल, कधी कधी उशीचे अभ्रे पण. स्पर्धा दुसऱ्या बुटीकशी वगैरे नाही, आमची खरी स्पर्धा बोहारणीशी. एक स्टीलचं पातेलं आलं की चार साड्या गेल्या, आणि जरीच्या असतील तर त्याहून वाईट, जुनी जरी विकत घेणारे लोक दारावर यायचे आणि पदर जाळून त्यातली चांदी काढायचे. खरी जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा, त्यामुळे जाळल्यावर हातात काहीतरी लागायचं. कितीतरी घरांतले शालू आणि पैठण्या अशा गेल्यात, आणि कुणाला त्याचं वाईटही वाटलं नाही कारण त्या बदल्यात घरात नवीन काहीतरी आलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. दोन जावांनी मिळून धंदा काढलाय म्हटल्यावर नातेवाईकांनी दिवाळीपर्यंतच मुदत दिली होती. कटिंग त्यांचं, गिऱ्हाईकाशी बोलणं माझं, आणि हिशोबाला दोघी एकत्र बसत नाही, बहुतेक म्हणूनच टिकलंय.

सुरुवात सासूबाईंच्या ट्रंकेपासून झाली. सासरे सोलापूरला रेल्वेत होते, वर्षाचे पास मिळायचे आणि ते वाया घालवायचे नाहीत हा घरचा नियम, त्यामुळे सुट्टी लागली की सगळं कुटुंब कुठेतरी निघायचं आणि प्रत्येक गावाहून सासूबाई एक साडी आणायच्या. कोटा, महेश्वर, संबलपूर, कांचीपुरम, ट्रंक उघडली की रेल्वेचा नकाशाच. पुढे गुडघे दुखायला लागले तशा त्या पंजाबी ड्रेसवर आल्या आणि एके दिवशी आम्हा दोघींना म्हणाल्या, मी गेल्यावर भांडत वाटून घेण्यापेक्षा माझ्या डोळ्यादेखत काय ते करा, मला बघू तरी द्या. मग बघायला बसल्या त्या आजतागायत बसल्यात, वर्कशॉपमधल्या खुर्चीवर, आणि प्रत्येक कापडावर त्यांचं मत असतं.

जुनं कापड नव्यासारखं कापता येत नाही हे जाऊबाईंना शिवणाच्या अनुभवावरून माहीत होतं, पण का ते कळायला ज्या गावी साडी विणली गेली तिथे जाऊन बघावं लागलं. इरकल घ्या. सोलापूरकडे घरोघरी असते, पण ती विणतात कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला. सोलापूरहून विजापूर मार्गे गाडीने गेलो होतो. तिथे मागावर बघितलं तेव्हा उलगडलं की साडीचं अंग आणि लाल पदर यांचे ताणे, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगवेगळे असतात आणि ते एकमेकांत फासे अडकवून जोडतात, टोप-तेणी म्हणतात त्याला. म्हणजे जिथे पदर सुरू होतो तिथे आडवा सांधा आहे, आणि आपल्या डोळ्यांना तो फक्त रंग बदलल्यासारखा दिसतो. आता इरकलचा कुर्ता करताना तो सांधा आम्ही पाठीवर अख्खाच्या अख्खा ठेवतो, त्याच्यावरून कात्री फिरवत नाही. कोटा डोरियाची तऱ्हा निराळी, चौकडीचं विणकाम इतकं विरळ की शिवण ताणली की धागे बाजूला सरकतात, म्हणून अंगालगतचं काही त्यातून शिवतच नाही, दुपट्टा करतो नाहीतर मलमलवर टाकून जॅकेट.

महेश्वरला सासूबाईंना घेऊन गेलो होतो, पूर्वी तिथूनच आणलेली त्यांची जांभळी साडी पण बरोबर. घाटावरून वर किल्ल्यात जाताना भिंतीवरची नक्षी बघितली की कळतं काठावरची डिझाइन कुठून आली, चटई, ईंट म्हणजे वीट, हिरा अशी नावंच आहेत त्यांची. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात इथे विणकर आणून वसवले, आणि मध्ये हे काम मोडकळीला आल्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीला रेहवा सोसायटी या विणकरांसाठीच्या संस्थेने परत उभं केलं. तर एका विणकरदादांना मोठ्या कौतुकाने साडी दाखवली. त्यांनी काठ उलटा केला, मागे कापलेले धागे लोंबत होते, आणि महेश्वरी काठ दोन्हीकडून सारखा असतो, म्हणजे ही साडी तिथली नव्हतीच, कुठेतरी पॉवरलूमवर निघून तिथे विकायला आलेली. सासूबाईंनी शांतपणे साडी घडी करून पिशवीत ठेवली आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, त्याला काय माहीत, मी घेतली तेव्हा तो जन्मला तरी होता का!

या प्रसंगानंतर आम्ही एक ठरवलं आणि माझ्या मते आमच्या कामात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गिऱ्हाईक साडीबरोबर गोष्ट घेऊन येतं, आजीच्या लग्नातली, खऱ्या जरीची, पेशव्यांच्या वेळची सुद्धा आलीये एक. कापड हातात घेतल्यावर आम्हाला कळतं की जरी तांब्याची आहे किंवा साडी एवढी जुनी असूच शकत नाही. विचारलं तर खरं सांगतो, विचारलं नाही तर बोलत नाही, कारण आम्हाला कापड कसं वागेल तेवढंच शिवायला लागतं आणि आजी कुणाच्या लग्नात काय नेसली होती यात आम्ही पडायचं कारण नाही. फक्त इन्शुरन्स किंवा विक्रीसाठी कुणी जुनेपणाचा दाखला मागितला तर तो देत नाही.

सगळ्यात अवघड काम बहिणींचं. आईची पैठणी एक आणि वाटेकरी तिघी. काठांचं जमतं, सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, काठ दोन, म्हणजे अकरा मीटर काठ झाला, तिघींच्या कुर्त्यांना पुरतो. भांडण पदरावर येतं. हातमागाच्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरता जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे फिरतो, म्हणून मधे कुठेही कात्री लावली की मोराची मान सुटायला लागते. पदर कापत नाही म्हणजे नाही, कितीही पैसे दिले तरी. एका वेळी तिघी बहिणी आमच्यासमोर तासभर एकमेकींशी बोलल्या नाहीत, मग ठरलं की पदराचा शेला करायचा आणि ज्या घरी कार्य असेल तिकडे तो जाईल. आत्ता तो धाकटीकडे आहे आणि मोठीचा फोन येऊन गेलाय की तिने परत दिला नाही तर काही करता येईल का. आता यात आम्ही काय करणार!

लोकांना दराचं आश्चर्य वाटतं, कापड आमचं आणि शिलाई नव्या ड्रेसहून जास्त कशी. तर निम्मा वेळ शिवण्याच्या आधीच जातो. फॉल उसवायचा, कापड उजेडात धरून विरलेल्या जागा खडूने मार्क करायच्या, जुनं रेशीम घडीवरच चिरतं म्हणून घड्या टाळून कटिंग बसवायचं, आतून पूर्ण मलमलचं अस्तर द्यायचं म्हणजे ताण अस्तरावर येतो. बगलेत जुनं कापड आम्ही वापरतच नाही, घामाने ते आधीच गेलेलं असतं. आणि शिवायला दोरा मुद्दाम कापडापेक्षा कमजोर घेतो, ओढ बसली तर शिवण उसवू दे, ती परत घालता येते, कापड फाटलं तर गेलं. खोचायच्या बाजूचा तुकडा शेवटपर्यंत टाकत नाही कारण तिथे ऊन लागलेलं नसतं, रंग मूळचा राहतो, आणि रफूला धागा त्यातूनच काढता येतो. हे उत्तर प्रदेशात नजीबाबादला रफूगारांकडे बघून शिकलो, रफूसाठी त्या गावाचं नाव आहे, आणि त्यांनी केलेलं रफू शोधायला आम्हाला भिंग लागलं.

हळदीचे, मेंदीचे डाग आम्ही काढायच्या भानगडीत पडत नाही, जुनं कापड त्या केमिकलने डागासकट जातं. जाऊबाईंचं मत डाग आत जाईल असं कटिंग करावं, माझं मत बाहेर राहू द्यावा, यावर अजून एकमत नाही, मग गिऱ्हाईकालाच विचारतो.

हल्ली पुरुषांचे कपडे पण यायला लागलेत, वडिलांचे सफारी सूट. टेरिकॉट, कशानेही न फाटणारं, कात्रीची धार जाते पण कापडाला काही होत नाही. त्याच्या लॅपटॉप बॅगा करतो, भक्कम होतात.

आता पुढचं काम ट्रंकेतल्या संबलपुरीचं आहे. त्यात धागे विणायच्या आधी बांधून रंगवतात, नक्षी धाग्यातच असते, त्यामुळे दोन तुकडे जोडताना ती जुळवायची कशी हे विणणाऱ्यांनाच विचारायचंय. सासूबाई येणार आहेतच, अट एकच, लोअर बर्थ. शिवाय या वेळी विणकरांना साडी कुणी दाखवायची नाही, नुसतं काम बघायचं असंही बजावलंय.