पुण्यात समुद्र भरायचा कुठून?

मरीन टँकसाठी, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी, कोकणातून समुद्राचं पाणी आणलं तर सॉल्टचा (समुद्राचं पाणी घरी बनवायच्या तयार क्षारांच्या मिश्रणाचा) खर्च वाचतो, हा हिशेब कागदावर चोख बसतो. २०० लिटरचा टँक, दर आठवड्याला १० टक्के वॉटर चेंज (जुनं पाणी काढून नवं घालणं), म्हणजे महिन्याला ८० लिटर. वीस लिटरचे चार कॅन, प्रत्येक कॅन वीस किलोच्या वर, आणि पुण्याहून कुठलाही किनारा धरा, एका बाजूचे दीडशे किलोमीटर. तेच २० लिटर घरी कालवायला साधारण ७२० ग्रॅम सॉल्ट लागतं, महिन्याला तीन किलोच्या आत.

पण खरी अडचण अंतराची नाही, पावसाची आहे. जून ते सप्टेंबर नद्यांचं गोडं पाणी आणि लाल गाळ किनाऱ्याला पसरतो, सॅलिनिटी (खारटपणा) घसरते, सुरुवातीला होड्याही बंद असतात. या चार महिन्यांचं तीनशेवीस लिटर पाणी फ्लॅटमध्ये कुठे साठवणार? तेव्हा सॉल्ट कालवायला शिकावंच लागतं. मग बारा महिने तेच का नको? पुण्यात राहणाऱ्याला माझं उत्तर हेच.

तरीही आणायचंच असेल तर नोव्हेंबर ते मे. खाडीच्या तोंडाशी भरू नका: रेवदंड्याला कुंडलिका, हरिहरेश्वरला सावित्री समुद्राला मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळाचा गाळ उचलला जातो, अष्टमीच्या आसपास भांगाला (भरती-ओहोटी सर्वांत लहान असते तेव्हा) पाणी निवळ असतं. होडीने आत जाऊन, भरती चढत असताना भरा. डिझेलचा तवंग दिसला तर जागा बदला.

आणल्यावर ५ मायक्रॉनच्या फिल्टर बॅगमधून गाळा. बंद कॅनमध्ये ठेवलं की त्यातले सूक्ष्म जीव मरतात, अमोनिया वाढतो आणि दोन-तीन दिवसांत कुजका वास येतो. म्हणून क्लोरीन: सुगंध नसलेलं ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, १०० लिटरला २५ मिली (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम). पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून चोवीस तास फिरवा, मग उरलेलं क्लोरीन मारायला तेवढ्याच पाण्यात सोडियम थायोसल्फेटचे ७ ग्रॅम खडे विरघळवून घाला. क्लोरीन मोजायच्या किटवर शून्य दिसल्याशिवाय टँकमध्ये थेंबही नको.

आता घरचं पाणी. इथे बहुतेकांचं चुकतं, कारण सगळं लक्ष सॉल्टच्या ब्रँडवर असतं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन, बोअरचं पाणी जड, आणि एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाला की नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) रातोरात बदलतो. स्वयंपाकघरातला आरओ चालेल का? नाही. त्यात चवीसाठी खनिजं परत मिसळतात. त्यातही 'कॉपर'वाला असेल तर मुळीच नको: माणसाला चालणारं तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारतं. वेगळा आरओ घ्या, त्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी लावा आणि टीडीएस मीटरवर ० पाहा. १-२ दिसायला लागलं की रेझिन बदला. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरा.

कालवताना आधी पिंपात पाणी, मग सॉल्ट, मूठमूठ, पॉवरहेड चालू ठेवून. उलटं केलं तर तळाशी सॉल्ट इतकं दाट होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून बसतात. पाणी दुधाळ होतं आणि पिंपाच्या कडेला चुन्याचा पांढरा थर चढतो. ते कॅल्शियम गेलं ते गेलं, कितीही ढवळा. तापमान २५ अंश, काही तास फिरवून मग मोजा: ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. खारटपणा मोजायच्या काट्याच्या हायड्रोमीटरला एखादा बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. त्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणारा प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र) घ्या, तोही ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून.

मिठागरातलं खडेमीठ वापरू का, असं कुणी ना कुणी विचारतंच. मिठागरात मीठ बसायच्या आधीच जिप्सम खाली बसतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. आमटीला उत्तम.

उडून गेलेल्या पाण्याची भरपाई मात्र आरओ-डीआयच्याच पाण्याने. मीठ उडत नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टँकमधून दिवसाला दोन-तीन लिटर सहज जातं. त्या जागी खारं पाणी ओतलं तर सॅलिनिटी चढतच राहते.

समुद्राच्या पाण्यावरून सॉल्टवर येणार असाल तर अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात मोजतात) आधी तपासा. समुद्राची ७ डीकेएचच्या आसपास असते, काही रीफ सॉल्टची (प्रवाळांच्या टँकसाठीच्या सॉल्टची) ११-१२. एकदम मोठा वॉटर चेंज केला तर प्रवाळांची टोकं जळून पांढरी पडतात. आठवड्याला १० टक्क्यांवर थांबा आणि दर वेळी किटने मोजा.