बेशरम उपटली, तेव्हा मरळ परतली

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर, म्हणजे मासेमार, घरातली. मालगुजारीच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आमच्या भंडारा-गोंदियात गावोगाव आहेत, आणि आमची चूल अशाच एका तलावावर पेटते. पण त्यात जाळं टाकायला जागाच राहिली नव्हती. काठापासून आतपर्यंत नुसती बेशरम, हे माजलेलं रानटी झुडूप. हाती लागायचे ते बाहेरून आणून सोडलेले रोहू-कतला. मरळ, शिंगी हे आमचे गावठी मासे दिसेनासे झाले होते.

तलावांचा अभ्यास करणारी मंडळी आली, तेव्हा वाटलं, बाटलीत पाणी भरतील नि जातील. पण त्यांनी आधी नुसतं विचारलं. कोणता मासा कधी अंडी घालतो, कुठल्या गवतात लपतो? माझ्या सासूबाई बोलत गेल्या आणि त्यांच्यातली एक ताई लिहीत गेली. सासूबाईंनी दाखवलेलं पाण्याखालचं गवत म्हणजे हायड्रिला, हे तिने सांगितलं. ते अजून कोणत्या तलावात शिल्लक आहे, हे सासूबाईंनी सांगितलं. दोघींपैकी एकीला वगळलं असतं तर काम तिथेच अडलं असतं.

तलावात हे काम करायच्या परवानगीचा अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. बेशरम विळ्याने कापली आणि तिथेच टाकली. पावसाचं पाणी भरलं, तसा तुकड्यातुकड्याला कोंब फुटला. सगळी मेहनत पाण्यात गेली, मला रडू आलं. पुढच्या मे महिन्यात तलाव आटल्यावर मुळासकट खणून काढली, पाळीवर नेऊन वाळवली. मोकळ्या झालेल्या जागेत नांगर फिरवला. आषाढात गुडघाभर पाणी झालं, तेव्हा आम्ही बायका ओळीने उतरलो. हायड्रिलाच्या चार-पाच काड्या घ्यायच्या, मुळाशी चिखलाचा गोळा दाबायचा आणि हात कोपरापर्यंत बुडवून तो तळात रोवायचा. गोळा सैल राहिला की काड्या वर तरंगायच्या. मग पुन्हा रोवायच्या. काठाला देवधान, म्हणजे रानभात, लावलं.

खरं भांडण त्यानंतर झालं. मच्छीमार संस्थेतल्या काही पुरुषांना ग्रासकार्प मासा सोडायचा होता, तो लवकर वाढतो म्हणून. पण तो गवतच खातो! बैठकीत मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. आवाज कापत होता, पण बोलले. शेवटी निदान या तलावात तो सोडायचा नाही, असं ठरलं.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. गवताच्या कडेला पाण्यावर नारिंगी पिल्लांचा थवा एकत्र खालीवर होत होता आणि त्याच्याखाली काळसर मोठी मरळ राखण करत होती. माझ्या धाकट्या मुलीने मरळीची पिल्लं कधी पाहिलीच नव्हती. सासूबाईंनी त्या कोपऱ्यात बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधलं. तिथे कोणी जाळं टाकायचं नाही. ताईने वहीत तारीख लिहिली आणि पुढे सासूबाईंचं नाव लिहिलं.

यंदा शेजारच्या गावच्या बायका गवताच्या काड्या मागायला आल्या होत्या. दोन घमेली भरून दिल्या.