आमची वाटचाल : आधी ओढा मोजू

सांगलीत कुपवाड रस्त्याला माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, वार्निशचा वास आणि दारात द्राक्षबागायतदारांच्या सबमर्सिबल मोटरींची रांग. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याजवळ सिव्हिलचा डिप्लोमा होता. तांब्याच्या तारेच्या धंद्यात त्याचा काय उपयोग, हे कुणालाच कळत नव्हतं, मलाही नाही.

२००५ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर दुकानापुढं बुडालेल्या मोटरींचा ढीग लागला. चिखल धुवायचा, बेअरिंग काढायचं, पत्र्याच्या पेटीत मोठे बल्ब लावून मोटर दोन-तीन दिवस वाळवायची, मग मेगर, म्हणजे मोटरीत ओल राहिलीय का ते काट्यानं दाखवणारं मीटर, लावून बघायचं. मी घाई करायला लागले की मामा म्हणायचे, "सूनबाई, काटा वर चढल्याबिगर करंट द्यायचा न्हाई."

त्या ढिगात मैलापाण्याच्या पंपांच्या मोटरीही होत्या. दुसऱ्या दुकानांनी त्या दारातूनच परत पाठवलेल्या. मामांनी घेतल्या. त्या आठवड्यात आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, आम्हा तिघांनाही मागच्या दारानं घरात घेतलं, तेही आधी न्हाणीघरात. पण ती गिऱ्हाइकं परत कधी दुसरीकडं गेली नाहीत. आमची फर्म उभी राहिली ती या नाक मुरडलेल्या मोटरींवर.

पुढं अपार्टमेंट आणि दवाखान्यांच्या सांडपाणी प्रकल्पांच्या देखभालीची कामं यायला लागली. ह्यांनी ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारी यंत्रं, आणि पंप बघायचे, मी टाकीतलं पाणी. लिटरच्या काचेच्या भांड्यात ते पाणी घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. टाकी चांगली चालत असेल तर तपकिरी गाळ सावकाश खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं, वास ओल्या मातीसारखा. एका दवाखान्यात मात्र गाळ काळा पडायचा आणि कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. महिनाभर कारण सापडेना. शेवटी कळलं, वीजबिल वाचवायला वॉचमन रात्री ब्लोअर बंद ठेवत होता. हवा थांबली की मैला खाणारे जीवाणू गुदमरतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही. तेव्हापासून प्रकल्प ताब्यात घेताना आधी वॉचमनबरोबर चहा घेतो, मग साहेबांबरोबर.

डिप्लोमाचा खरा उपयोग झाला तो तालुक्याच्या एका गावासाठी मलनिस्सारण योजनेचा आराखडा निघाला तेव्हा. सल्लागार कंपनीला गावाचं सांडपाणी ज्यात जातं त्या ओढ्याचा प्रवाह मोजून देणारं कुणीतरी स्थानिक हवं होतं. मी पत्र्यात ९० अंशांची खाच कापून घेतली, वाळूची पोती लावून तो पत्रा ओढ्यात आडवा बसवला आणि शेजारी पट्टी रोवली. खाचेच्या टोकापासून १० सेंटिमीटर उंचीनं पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. तेच २० सेंटिमीटर झालं की दुप्पट नाही, जवळजवळ २५ लिटर. सात दिवस, दर तासाला पट्टी वाचायची, रात्रीसुद्धा. पहाटे तीनला बॅटरी घेऊन ओढ्यात उतरणाऱ्या बाईबद्दल गावात काय काय बोललं गेलं, ते इथं लिहीत नाही.

कागदावरचा हिशोब सोपा असतो. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर. वीस हजार वस्ती धरली तर दिवसाला २१ लाख ६० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला सरासरी २५ लिटर. आमच्या पट्टीनं त्याच्या निम्मंही दाखवलं नाही. कारण साधं होतं: निम्म्या घरांचं पाणी शोषखड्ड्यात मुरत होतं, ओढ्यापर्यंत येतच नव्हतं. वर आणखी एक गंमत. ऑगस्टमध्ये परत मोजलं तर उघडीप असतानाही पहाटे तीनला भरपूर, तेही स्वच्छ पाणी. नदीकाठच्या काळ्या रानातलं वर आलेलं भूजल फुटक्या गटारांतून आत येत होतं. ते पाणी शुद्ध करायला म्हणून वीज जाळायची का?

सरकारी मॅन्युअलप्रमाणे गटारवाहिन्या तीस वर्षांनंतरची वस्ती धरून घालतात आणि ते बरोबरच आहे, रस्ता परत परत कोण फोडणार? पण पंप, ब्लोअर यांचं आयुष्य पंधरा वर्षं धरतात. तीस वर्षांनंतरचं सगळं यंत्र पहिल्याच दिवशी बसवलं तर ते अर्धपोटी चालतं आणि गंजतं. आम्ही सुचवलं की जागा पूर्ण घ्या, टाक्या दोन भागांत बांधा, दुसरा भाग पट्टी सांगेल तेव्हा. सल्लागारांनी आधी हसण्यावारी नेलं. नंतर त्यांच्याच अहवालात ते आलं. आमचं नाव नव्हतं.

आमच्याही चुका आहेत. एका पंपिंग स्टेशनचं पॅनेल, म्हणजे विजेच्या स्विचांची पेटी, मी २००५ च्या पूररेषेच्या दोन फूट वर घ्यायला सांगितलं होतं, सुरक्षित म्हणून. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पॅनेल बुडालं, आणि माझा 'सुरक्षित' हा शब्दही.

आता मला वाटतं की गावागणिक आराखडा करण्यातच गोची आहे. कृष्णेला माहुलीत वेण्णा मिळते, कराडात कोयना, हरिपुरात वारणा. वरच्यांनी सोडलेलं आमच्या जॅकवेलला, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीला, येतं, आमचं खाली नरसोबाच्या वाडीकडं जातं. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागं पाणी साचून असतं तेव्हा एका गावानं प्रकल्प बांधून आणि वरच्या चार गावांनी न बांधून काय साधतं, ते जलपर्णी बघितली की कळतं. लहान गावांना तर भुयारी गटार परवडणारही नाही. तिथं सेप्टिक टँकचा मैला उपसून जवळच्या शहराच्या प्रकल्पात द्यायला हवा, आणि 'जवळच्या' हा शब्द महत्त्वाचा. पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडं पाठवलं तर टँकरवाला डिझेलचा हिशोब करतो आणि वाटेतल्या पहिल्या ओढ्याला नळी सोडतो. मी त्यांच्याशी बोलले आहे, ते लपवतही नाहीत. म्हणून नकाशावर प्रकल्पाची जागा ठरवताना मी आधी टँकरच्या फेऱ्या मांडते.

दुकान अजून आहे. मामा आता काउंटरवर बसून पेपर वाचतात आणि मोटर आली की वास घेऊन सांगतात, जळालीय की नुसती भिजलीय. आम्ही नऊ जण आहोत, त्यातल्या दोघी पोरी पाण्याचे नमुने घेतात.

परवा नवा पत्रा कापायला टाकला. ह्यांनी विचारलं, "मागच्या कामाचं बिल आलं का?" चौदा महिने झाले, नाही आलं. पण मेमध्ये ओढा तळाला असतो, मोजायचा तर आत्ताच. बिलासाठी थांबले तर वळीव येईल.